लहान पुडीचं वाक्य

शब्बीर, मी पोचले तेव्हा तुला नेऊन अर्धा तास झाला होता.

शेगावला गाडी दीड तास उशिरा आली. स्टेशनबाहेर जीपवाल्याला म्हटलं, वरवट बकालला चल, मयतीला जायचंय. त्याने विचारलं, "कोणाच्या?" तुझं नाव सांगितलं तर म्हणाला, "भोंग्यावाले शब्बीरभाई? मंग सीटा भरायची वाट नाही पाहत." जवळजवळ रिकामी जीप त्याने काढली. दोन्ही बाजूंना कपाशी गुडघ्याच्या वर आली होती, आणि उत्तरेला सातपुडा पावसाने धुऊन निघाल्यासारखा जवळ दिसत होता.

तुझ्या घरातले सगळे पुरुष कब्रस्तानात गेले होते. आत बायका बसल्या होत्या. तुझ्या बायकोने, नसीमने, मला पाहिलं, हात धरला आणि शेजारी जागा करून दिली. मग एखाद्या तिसऱ्याच माणसाबद्दल सांगावं तसं सांगत राहिली. "सकाळी चहा पेले. म्हणे छातीत जळजळ करून राह्यलं. म्या म्हटलं काल भजे खाल्ले न तुम्ही. हसले. कुडता घातला, बटनं लावता लावता खाली बसले. गाडी केली, शेगावच्या वाटेवरच गेले, ताई." तेवढं सांगून तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. चहा पेले. दर नव्या बाईला ती तेच सांगत होती आणि दर वेळी मला वाटत होतं, या वेळी तू शेगावला पोचशील.

तुझा चेहरा मी पाहिला नाही. बावीस वर्षांची ओळख, आणि शेवटची भेट म्हणजे फोनवरची, तीही मीच घाईत ठेवलेली. "शब्बीर, मीटिंग आहे, नंतर बोलते." तू म्हणालास, "हाव ताई, जा."

आता मी बोलणार आहे. तुला मध्ये बोलायची सवय, पण या वेळी ऐक. तुला सांगायचं होतं ते मी तुझ्या जाण्यानंतर तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच माणसाला सांगितलं. त्याने काय उत्तर दिलं ते तुला कळायला हवं.

कोथरूडच्या आपल्या ॲनिमेशन स्टुडिओत तू आलास तेव्हा मी तिथे चार वर्षं जुनी होते. ध्वनी आणि संवाद माझ्याकडे. दुसऱ्या मजल्यावर आपण, खाली पिठाची गिरणी. गिरणी दुपारी दोन ते चार बंद असायची, म्हणून आपलं रेकॉर्डिंग त्याच दोन तासांत. तू चित्रांच्या मागची दृश्यं रंगवायचास. बाभळी, नाले, मातीच्या भिंती. मी चिखलीची, पण तिथे कोणाला ते सांगितलं नव्हतं. विचारलं तर "औरंगाबादकडची" म्हणायचे आणि पुण्याच्या मुलींसारखं बोलायचे. एके दिवशी माझ्या हातून कप निसटला, चहा कागदांवर गेला आणि तोंडातून निघून गेलं, "अरे बाप्पा, सांडला न!" तू ब्रश खाली ठेवून वळलास. "ताई, कोन्या गावच्या हो तुम्ही?" सगळे बघत होते. मी म्हटलं, "चिखली." तू म्हणालास, "मंग एवढे दिवस उपाशी काऊन राह्यल्या? बोला न आपलं." त्या दिवसापासून निदान तुझ्याशी तरी मी आपलं बोलले.

तुझे वडील पिंजारी. घरात कापूस पिंजायचं मशीन, गाद्या भरायचं दुकान. तू सांगायचास की लहानपणी घरातल्या प्रत्येक वस्तूवर कापसाचे तंतू असायचे, चहाच्या बशीतसुद्धा. कापूस तुला आतून माहीत होता, म्हणून पुढे जे झालं ते तुला जास्त लागलं.

आपल्या धंद्यात आवाज आधी लागतो. वाक्य किती लांब, माणूस कुठे थांबतो, हे कळल्याशिवाय चित्रातल्या प्राण्याचे ओठ हलवता येत नाहीत. मोठे नट उशिरा येतात, म्हणून तोवर स्टुडिओतलीच माणसं वाक्यं बोलून ठेवायची. त्याला आपण कच्चा आवाज म्हणायचो. हिशेबनीस जोशीकाका कोंबडा झाले. टेलिफोनवर बसणारी अपर्णा चिमणी झाली. म्हातारा बैल उरला होता. कोणीतरी तुला ओढून आणलं. तू काचेपलीकडे उभा राहिलास, हातावर हिरवा रंग, आणि पहिलंच वाक्य बोलण्याआधी तू रवंथ केलीस. खरंच केलीस. मग म्हणालास, "अबे पोट्टेहो, म्हाताऱ्याले जरा सावलीत सरकू द्या." काचेच्या या बाजूला दिग्दर्शक केळकर सर खुर्चीतून उठून उभे राहिले होते.

नंतर मुंबईहून नट आला. चांगला नट, मेहनती माणूस. दोन दिवस बोलला. पण बैलाचं तोंड तुझ्या थांबण्यावर हललं होतं, तुझ्या श्वासावर त्याची मान खाली जात होती. नटाचा आवाज त्यावर बसवला की बैल दुसऱ्याच कोणाचे तरी कपडे घातल्यासारखा दिसायचा. केळकर सरांनी आठ दिवस प्रयत्न केला आणि शेवटी तुझाच कच्चा आवाज पक्का केला. कोंबडा आणि चिमणीही तशीच राहिली. चित्रपटगृहात आपण सगळे शेवटून तिसऱ्या रांगेत बसलो होतो. नावं सुरू झाली. पार्श्वदृश्यांत तुझं नाव आलं. आवाजांमध्ये फक्त एवढंच, "इतर आवाज : स्टुडिओतील मंडळी." मी संतापले. तू टाळ्या वाजवत होतास. "मंडळी त म्हटलं न ताई. मंडळीत म्या आलोच न."

मग तू अर्धा दिवस ब्रश आणि अर्धा दिवस माइक असा झालास. दुसऱ्या भाषेतला चित्रपट मराठीत आणायचा असला आणि त्यात रखवालदार, बैरागी, दारूडा, म्हातारा शेतकरी असला, की तुला बोलावणं. मी काचेच्या या बाजूने सूचना द्यायचे. आणि काय सूचना द्यायचे ते आज लिहिताना लाज वाटते. "शब्बीर, थोडं अजून गावठी कर." मी, चिखलीची. लोक हसले की मला काम जमलं असं वाटायचं. एकदा तू हेडफोन काढलास, काचेतून माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, "ताई, याच्याहून गावठी पाह्यजे असन तं मले घरी जाऊन बोला लागते." सगळे हसले. मीही हसले. तू हसला नव्हतास, हे त्या दिवशी दिसलं होतं मला.

आणि मग ती जाहिरात आली.

एका बियाणं कंपनीच्या माणसाने बैलाचा चित्रपट पाहिला होता. त्यांचं बोंडअळीला मारणारं नवं बीटी बियाणं निघालं होतं आणि त्यांना आपला म्हातारा बैलच हवा होता. शेतकऱ्याचा विश्वास बैलावर बसतो, असं तो म्हणाला. तीस सेकंदांची जाहिरात, टीव्हीसाठी आणि गावोगावी पडदा लावून फिरणाऱ्या गाडीसाठी. पुण्यात लिहिलेला मजकूर माझ्याकडे आला. पुस्तकी होता, तुझ्या तोंडात बसणारा नव्हता. मी तो आपल्या बोलीत करायला घेतला. फार वर्षांनी मी आपल्या बोलीत काही लिहीत होते आणि मला ते जमत होतं. मला आनंद झाला होता, शब्बीर. हे कबूल केल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

मूळ मजकुरात शेवटून दुसरं वाक्य होतं : पाकिटासोबतची लहान पुडी शेताच्या कडेने जरूर लावा. बीटीच्या पिशवीबरोबर साध्या कपाशीच्या बियांची एक पुडी यायची. ती कडेला पेरली की अळीला खायला साधी कपाशी राहते, तिथल्या अळ्यांचे पतंग बीटी पचवणाऱ्या अळ्यांच्या पतंगांशी जुळतात, म्हणून पुढच्या अळ्या पुन्हा बीटीने मरतात आणि बीटीचा जोर टिकतो. हे मला तेव्हा कोणी समजावलं नव्हतं, आणि मीही विचारलं नाही. मला एवढंच दिसत होतं की ते वाक्य रुक्ष आहे आणि पाच सेकंद खातंय. मी ते काढलं. त्या जागी माझं वाक्य घातलं : "फवाऱ्याचा पंप आता माळ्यावर टाका भाऊ, अन् घोरत पडा!"

कंपनीचा माणूस ते ऐकून टेबलावर हात आपटून हसला. पुडीच्या वाक्याबद्दल त्याने विचारलंही नाही.

विचारलंस तू. माइकसमोर कागद धरून. "ताई, आधीच्या कागदावर लहान पुडीचं होतं. कुठं गेलं?"

"सेकंद पुरत नाहीत रे."

"ते कामाचं वाटते पण."

"पाकिटावर छापलेलं असतं. गिरणी सुरू व्हायला वीस मिनिटं आहेत, चल."

तू खांदे उडवलेस, रवंथ केलीस आणि बोललास. एकाच दमात, एकही चूक नाही. इतका सुंदर बोललास की मी दुसऱ्यांदा घ्यायला सांगितलंच नाही.

पहिले चार-पाच हंगाम चांगले गेले. तुझ्या गावात तुला लोक बैल म्हणून हाक मारायचे, चहा पाजायचे. तुझा दोस्त गजानन, शाळेतला, ज्याची शेती गावाच्या वरच्या अंगाला आहे, तो तुझ्या आवाजाची नक्कल करून पोरांना हसवायचा. हे सगळं तू मला रंगवून सांगायचास. मग एका दिवाळीला स्टुडिओला सुट्टी लागली, तू गावी गेलास आणि परत आलास तो दुसराच माणूस.

आठ दिवस तू नुसता रंगवत राहिलास. मग गिरणीशेजारच्या चहाच्या टपरीवर, उभ्याउभ्या, सांगितलंस. गजानन दर दिवाळीला तुमच्याकडे फराळ घेऊन येतो. त्या वर्षी हातात डबा नव्हता, पिशवी होती. डाव्या डोळ्यावर पट्टी होती. त्याने पिशवी ओट्यावर ओतली. कपाशीची बोंडं. बाहेरून गोल, हिरवी, डाग नसलेली. एक उचलून त्याने अंगठ्याने फोडलं. आत सरकी खाऊन गुलाबी अळी बसलेली. दुसरं फोडलं. तिसरं. तू म्हणालास, पुरे गज्या. तो थांबला नाही. ओटा भरेपर्यंत फोडत राहिला.

पंप त्याने खरंच माळ्यावर टाकला होता. अळी दिसल्यावर घाबरून तो काढला, दुकानदाराने दिलं ते औषध भरलं, भर उन्हात दोन दिवस फवारलं आणि शेतातच चक्कर येऊन पडला. खामगावला सहा दिवस दवाखान्यात होता. वाचला. डाव्या डोळ्याची नजर गेली ती गेलीच.

"म्हणे, शब्बीर, म्या कंपनीले ओळखत नाही. दुकानदाराले ओळखत नाही. म्या तुह्या आवाजानं बियाणं घेतलं." एवढं सांगून तू कप खाली ठेवलास. "मंग इचारलं त्यानं. पंपाचं कोणं लिहिलं होतं?"

मी वाट पाहिली. तू काय उत्तर दिलंस ते सांगशील म्हणून. किंवा माझ्याकडे पाहशील म्हणून. तू टपरीवाल्याकडे पाहत होतास.

आणि मी काय केलं? मी वाद घातला. आपण फक्त आवाज देतो, शब्बीर. बियाण्याची जबाबदारी कंपनीची. अळीने ताकद कमावली त्याला आपण काय करणार? पुडी कोणी पेरतच नव्हतं, सांगितलं असतं तरी लोकांनी ती बांधावर फेकली असती. बोलता बोलता मी पुडीचा विषय स्वतःच काढला होता, हे माझ्या ध्यानात आलं. तू फक्त म्हणालास, "फेकली असती तं त्याईची गलती झाली असती, ताई."

आवाज चढवला नाहीस. मी घरी जाऊन तुझ्यावरच चिडले, कारण तू भांडला नव्हतास.

तीन महिन्यांनी तू नोकरी सोडलीस. कारण सांगितलंस वडिलांच्या आजारपणाचं, आणि ते खोटंही नव्हतं. निरोपाच्या दिवशी जोशीकाकांनी कोंबड्याच्या आवाजात भाषण केलं. सगळे हसून रडले. मी तुला एक चांगला ब्रशांचा संच दिला. द्यायची होती ती कबुली दिली नाही.

गावी तू दुकानांच्या पाट्या रंगवल्यास, शाळेच्या भिंती रंगवल्यास. आणि ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून बोलायला लागलास. हे मला आधी नसीमकडून कळलं. दर हंगामात, त्या म्हाताऱ्या बैलाच्या आवाजात. पुडी कडेनं लावा. सापळे बांधा, त्यातले पतंग मोजा. दर आठवड्याले वीस बोंडं फोडून पाहा. जानेवारीनंतर जुनी कपाशी शेतात ठेवू नका. फवारताना तोंडाले बांधा, उन्हात जाऊ नका. कृषी सहायकाकडून कागद आणायचास, पाठ करायचास, मग रवंथ करून बोलायचास. आजूबाजूच्या गावांनीही बोलावलं. सायकलीला भोंगा बांधून तू जायचास. मी फोनवर म्हटलं, "शब्बीर, अरे तू नट आहेस, हे काय चालवलंयस?" तू म्हणालास, "याच आवाजानं बिघडलं न ताई. मंग दुसऱ्याच्या आवाजानं कसं दुरुस्त करू?"

मी त्यावरही वाद घातला. म्हटलं, तुझ्या भोंग्याने अळी जाणार आहे का? तू म्हणालास, "नाही जात. पण लोक फोडून पाहून राह्यले." आपलं हे भांडण सात-आठ वर्षं चाललं. दर फोनला मी तुला परत बोलवायचे आणि तू मला काऊन म्हणून विचारायचास. खरं कारण असं होतं की तू परत आला असतास, तर जे झालं ते फार मोठं नव्हतं असं मला मानता आलं असतं.

गेल्या वर्षी मात्र तू हो म्हणालास. केळकर सरांचा नवा मोठा चित्रपट, एका म्हाताऱ्या मेंढपाळाचा. तू एकच अट घातलीस. माझ्या वाक्यात बदल करायचा तं मले इचारून करायचा, अन् काढायचं असन तं काऊन काढलं ते सांगायचं. केळकर सरांना ती अट विनोदी वाटली. मला नाही वाटली. तू दोनदा येऊन गेलास. गिरणी आता तिथे नाही, दिवसभर रेकॉर्डिंग चालतं, तरी तू दोनच्या ठोक्याला काचेपलीकडे जाऊन उभा राहिलास. आवाज थोडा खाली गेला होता, अधिक खरा झाला होता. मी तुला एकही सूचना दिली नाही. चार वाक्यं राहिली. "पुढच्या मयन्यात येतो," म्हणालास. त्या दिवशी तुला स्टेशनवर सोडायला मी आले होते. गाडीला पंचवीस मिनिटं होती. पंचवीस मिनिटं आपण अपर्णाच्या मुलीच्या लग्नाबद्दल बोललो.

तुला पुरलं त्याच दिवशी संध्याकाळी केळकर सरांचा फोन आला. रडत होते, ते खोटं नव्हतं. मग जरा वेळाने म्हणाले, सुनंदा, ती चार वाक्यं. हल्ली संगणकावर होतं. त्याचा एवढा आवाज आपल्याकडे आहे, त्यातून ती वाक्यं तयार करता येतील, ओळखूसुद्धा येणार नाही. घरच्यांना फक्त विचारून घे.

मी शेगावला एका भक्तनिवासात राहिले आणि तिसऱ्या दिवशी जियारतीला, त्या दिवसाच्या दुआला, परत तुझ्या घरी आले. नसीमची इद्दत, नवरा गेल्यावर घरातच राहायचे दिवस, सुरू झाली होती. मी तिला साध्या शब्दांत सांगितलं, काय करता येतं आणि सर काय म्हणतायत. ती नीट ऐकत होती. विचारलं, "म्हंजे ते न बोलता त्याईचाच आवाज बोलन?" मी म्हटलं, हो. तिने चटईचा दुमडलेला काठ उलगडला. मग म्हणाली, "नको ताई. जे त्याईनं म्हटलं नाही, ते त्याईच्या आवाजात कोणी म्हणू नये. एक डाव झालं तसं. लय वर्षं झोपले नाही ते."

तिला ठाऊक नव्हतं ती कोणाला सांगतेय. की ठाऊक होतं? मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला काही कळलं नाही.

मी अंगणात येऊन केळकर सरांना फोन लावला. नाही म्हणतायत, सांगितलं. ते म्हणाले, मग काढून टाकू ती वाक्यं. मी म्हटलं, "काढायची नाहीत." इतक्या मोठ्याने म्हटलं की ओट्यावरची माणसं वळली. ती चार वाक्यं मेंढपाळाच्या बायकोला द्या, त्या दृश्यात ती शेजारीच बसलेली आहे. "आणि तिचा आवाज कोण देणार?" मी म्हटलं, "मी देते." मग ते म्हणाले, बरं.

फोन ठेवला तर ओट्यावरच्या माणसांतला एक जण उठून माझ्याकडे येत होता. उंच, वाकलेला, डावा डोळा पांढुरका. त्याने सांगायच्या आधीच मी ओळखलं. "तुम्ही पुण्याच्या ताई न? म्या गजानन." त्याने चहाचा कप पुढे केला. जियारतीचा चहा तोच वाटत होता.

आपण किती वेळा हे बोलणं टाळलं, शब्बीर. आणि तिथे, तुझ्या अंगणातल्या चिंचेखाली, हातात कप धरून, मला ते टाळता आलं नाही. मी म्हटलं, गजाननभाऊ, पंपाचं वाक्य शब्बीरचं नव्हतं. ते मी लिहिलं. आणि त्याच्या जागी लहान पुडीचं वाक्य होतं, ते मी काढलं. शब्बीरने मला विचारलं होतं, कुठे गेलं म्हणून. मी म्हटलं, सेकंद पुरत नाहीत.

त्याला पहिल्यांदा समजलं नाही. मी पुन्हा सांगितलं. आपल्या बोलीत सांगितलं, म्हणजे पुस्तकी शब्दांत काही लपायला नको.

तो म्हणाला, "पण म्या इचारलं होतं त्याले. त्या दिवाळीले. इथंच, या ओट्यावर. म्हणे, म्याच लिहिलं. पुडीचंही म्याच काढलं म्हणे, मजा आली पाह्यजे म्हणून."

तू त्याला तेही सांगितलं होतंस. त्याने न विचारलेलंसुद्धा.

"चार साल बोललो नाही म्या त्याच्याशी," गजानन म्हणाला. "तो माह्या घरासमोर येऊन भोंगा लावे. म्या दार लावून घेऊ. मंग एक साल पुडी लावली, सापळे बांधले. जरा बरं निंगालं. तो वावरात आला, म्या त्याले पाणी देल्लं. तोंडानं नाही म्हटलं काही, पण माफ केलं त्याले. त्याले समजलं होतं." चांगला डोळा त्याने पंज्याने पुसला. "आता काय करू म्या? जे त्याचं नव्हतंच, ते माफ करून बसलो."

माफी मागितली मी. हळू आवाजात, वाईट शब्दांत. त्याने मान हलवली, ती हो अशी की नाही अशी, ते मला आजही सांगता येणार नाही.

"तुम्हाले आज काही म्हणत नाही," तो म्हणाला. "आज त्याचा दिवस हाय. वेचणीच्या वक्ती या. वावरात या. मंग पाहू."

"येते," मी म्हटलं.

त्याने माझ्या हातातला रिकामा कप घेतला आणि आत गेला, बाकीच्यांना चहा द्यायला.

शब्बीर, तू ते ओझं एवढी वर्षं का वाहिलंस, हे मला विचारायचं होतं. मला वाचवायला? की तुझ्या तोंडून निघालेलं ते तुझंच, असं तुला खरंच वाटत होतं? तू असतास तर म्हणाला असतास, जाऊ द्या न ताई. मी जाऊ दिलं असतं. मी नेहमीच जाऊ देत आले. रागही येतो मला तुझा. तू एकदा टपरीवर माझ्याकडे पाहिलं असतंस, तर मी तेव्हाच गेले असते गजाननकडे, असं मी स्वतःला सांगते. ते खरं आहे की नाही हे आता कधीच कळणार नाही, आणि त्याचा दोष मी तुझ्यावर घालणार नाही.

उद्या दोन वाजता माझं रेकॉर्डिंग आहे. दिवाळीनंतर वेचणी सुरू होईल. गजाननचा नंबर मी नसीमकडून घेतला आहे आणि जायचा दिवस त्याला कळवला आहे. तो फोनवर फक्त म्हणाला, "या. सकाळीच या, मंग ऊन होते."

मी सकाळीच जाईन.